तक्त्यात नसलेला रकाना

देऊळघाटच्या त्या अंगणात प्राचीने पहिल्याच वाक्यात चूक केली.

"बाळाचे बाबा आपणच ना?"

"नाही जी, मामा हाओ. प्रेम." बाळाला खांद्यावर घेतलेला तरुण हसला. "लग्न नाही झालं अजून... लिहून घ्या फॉर्मात."

"तसा रकाना नाही," प्राची कोरडेपणाने म्हणाली.

प्रेमची बहीण सुचिता बाळंतपणानंतर माहेरीच होती, खिन्न, अबोल. सात महिन्यांच्या बाळाने तिच्याकडे पाहणं सोडलं होतं. आपल्या नजरेला उत्तर येत नाही, एवढं ते शिकलं होतं. डॉक्टरांची औषधं चालू होती. समुपदेशक प्राचीचं काम वेगळं होतं : दर बुधवारी मायलेकरांचं दहा मिनिटं चित्रण करायचं आणि त्यातला जमलेला क्षण आईला दाखवायचा. कोणी कोणाकडे किती वेळा पाहिलं, त्या नजरा ती नंतर मोजून तक्त्यात भरी, बुलढाण्यातल्या भाड्याच्या खोलीत, एकटीच्या चहासोबत. तिच्याकडे कोणी पाहिल्याची नोंद मात्र कुठेच नव्हती.

पाच बुधवार बाळाच्या रकान्यात शून्य आलं.

सहाव्या बुधवारी तिने लॅपटॉप सुचितासमोर ठेवला. पडद्यावर सुचिताने बाळाचं पाऊल हलकेच धरलं होतं. कडेला प्रेम खुळखुळा वाजवत होता. सुचिता पडद्याकडे वाकली. मग —

"ताई, हा प्रेम कुठी पाहून राह्यला?"

"कॅमेऱ्याकडे," प्रेम घाईने म्हणाला.

"कॅमेरा तं खाली हाये लेका! तू वर पाहून राह्यला... ताईच्या तोंडाकडे!"

आणि सुचिता हसली. कित्येक महिन्यांत प्रथमच, खळखळून. बाळ दचकलं, आवाजाच्या दिशेने वळलं आणि तिच्याकडे पाहतच राहिलं. सुचिताने वाकून विचारलं, "काय रे सोन्या? तुलेबी समजलं का?"

कॅमेरा बंद होता. प्राचीने सवयीने पाच सेकंद मोजले. पुढचे मोजता आले नाहीत.

प्रेम थांब्यापर्यंत सोबत आला.

"पुढच्या बुधवारपासून संजीवनी येईल, माझी सहकारी," प्राची म्हणाली.

"काऊन? माह्यं चुकलं काही?"

"तुमचं नाही. त्या चित्रणात मी बाळाच्या नजरा मोजायला हव्या होत्या. मी... दुसरीकडे पाहत होते. सुचिताचे उपचार संपेपर्यंत मला इथे येता येणार नाही."

"किती दिवस?"

"सहा महिने. कदाचित जास्त."

"अन् मंग?"

एसटी आली. प्राची पायरीवर थबकली. "मग... फॉर्म नसेल."

"थांबतो मी," तो म्हणाला.

गाडीत तिच्या शेजारची जागा रिकामीच राहिली. वळणावर तिने मागे पाहिलं. प्रेम तिथेच उभा होता, नजर किंचित वर, बरोबर तिच्या खिडकीच्या उंचीवर.