नरांच्या खणातली अंडी

"मला काम परत नको, ताई. मी चोर न्हाय, एवढं अण्णांनी चारचौघांत म्हणायला पायजे," नागसेन म्हणाला आणि फरशीकडे बघत राहिला.

दीप्ती इंगवलेच्या राजारामपुरीतल्या खासगी तपासाच्या कचेरीत माणसं बहुतेक नवरा-बायकोच्या भानगडी घेऊन येतात. कबुतर चोरल्याचा आळ घेऊन आलेला हा पहिलाच. तिचा मदतनीस धैर्यशील, निवृत्त ग्रामसेवक आणि नात्याने मावसभाऊ, याने त्याला आल्याआल्या पिशवी उघडून दाखवायला लावली होती. डबा आणि छत्री निघाली. चोरीचा आळ म्हटल्यावर पिशवी बघायचीच, असं धैर्यशीलचं म्हणणं.

हकीकत अशी. उचगावच्या जिनपाल मगदुमांच्या गच्चीवर कबुतरांची ढाबळ आहे आणि नागसेन अकरा वर्षं ती सांभाळत होता. पावसाळ्यात कबुतरांची पिसं गळतात. तेव्हा त्यांना विसावा मिळावा म्हणून जोड्या मोडतात, नर एका खणात आणि माद्या दुसऱ्या खणात ठेवतात. महिन्यापूर्वी ही वाटणी जिनपालअण्णांनी स्वतः केली होती. पाखरू हातात घेऊन नर की मादी सांगावं ते अण्णांनीच, असा त्यांचा लौकिक. लोक लांबून पाखरं दाखवायला आणतात. आणि मंगळवारी सकाळी नरांच्या खणात दोन अंडी सापडली.

अंड्यांवर बसलेली मादी दिसायला हुबेहूब सरदारसारखी होती. सरदार हा अण्णांचा नऊ तास उडालेला नामांकित नर. अण्णांनी ठरवून टाकलं की नागसेनने सरदार पळवला आणि जागी ही मादी ठेवली. रविवारी ते इचलकरंजीला पाहुण्यांकडे गेले होते, एक किल्ली नागसेनजवळ होती. त्यांनी त्याला जिन्यातूनच हाकललं, पाखरू बघूही दिलं नाही. आता उचगावातला एकही ढाबळवाला त्याला दारात उभा करत नव्हता.

"सरदारची काही खूण?" दीप्तीने विचारलं.

"पायात वाळं हाय. पिलू सात दिसांचं असताना सरकवायचं. पाय मोठा झाला की कापल्याबिगर निघत न्हाय."

दीप्ती आणि धैर्यशील उचगावला गेले. शेजारच्या गच्चीवर आकारामची ढाबळ होती. उडण्याच्या शर्यतीत सरदारने आपल्या पाखराला हरवलं याचा राग आहे, हे त्याने न विचारता सांगून टाकलं. पण रविवारी त्याच्या घरी जावळाचा कार्यक्रम होता आणि पन्नास माणसं साक्षीला होती. एवढी दोन अंडी एकदम कशी, असं धैर्यशीलने विचारल्यावर तो पोट धरून हसला. मादी दोनच घालते, म्हणाला, जास्त नाही आणि क्वचितच कमी.

दुसरी किल्ली अण्णांच्या पुतण्याकडे, वृषभकडे. तो रविवारी एमआयडीसीत दुहेरी पाळीवर होता. पाखरांना तो मनापासून कंटाळला होता. विसाव्यात नर गप्प बसतात म्हणे, पण वाटणी झाली त्या दिवसापासून हे एकमेकांच्या उरावर बसले होते.

"उन्हाळ्यात पयल्यांदा सरदारची जोडी लावली," तो म्हणाला. "घरट्याच्या परळात चार अंडी हुती, एक बी फुटलं न्हाय. काका म्हणाले, उन्हानं गेली."

शेवटी अण्णा. पांढरं धोतर, बोलणं मोजकं. अंडी टाकून का दिली नाहीत, या धैर्यशीलच्या प्रश्नावर ते दुखावले. आपण जैन माणसं, म्हणाले, अंड्याला हात लावत नाही. मादी परळाच्या कडेला उभी होती. तिच्या डाव्या पायाला हळदीची पट्टी होती. जखम आहे, सोडू नका, असं अण्णांनी बजावलं.

"एका पायावर उभी आहे बिचारी," धैर्यशील हळहळला. "सगळा भार पट्टीच्या पायावर."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दीप्तीने धैर्यशीलला आणि नागसेनला घेऊन पुन्हा तीच गच्ची गाठली.

"अण्णा, चोरी झालेलीच नाही," ती म्हणाली. "अदलाबदल रविवारी झाली असती, तर नर महिनाभर भांडले नसते. मादी त्यांच्यात पहिल्या दिवसापासून होती. उन्हाळ्यात सरदारच्या परळात चार अंडी आली. मादी दोनच घालते, म्हणजे त्या परळात दोन माद्या होत्या आणि नर नव्हताच. म्हणून एकही अंडं फुटलं नाही. दुखरा पाय पाखरू पोटाशी घेतं. हिने चांगला पाय वर घेतला आणि पट्टीच्या पायावर उभी राहिली. तिथं जखम नाही. तिथं काय आहे, ते तुम्हीच दाखवा."

अण्णांनी खाली बसून स्वतःच पट्टी सोडली. आत सरदारचं वाळं होतं, कुठेही न कापलेलं.

"हे काढून टाकलं असतं तर मला काही सिद्ध करता आलं नसतं," दीप्ती म्हणाली. "पण कापताना पाखराच्या पायाला लागेल म्हणून तुमचा हात धजला नाही. नागसेनच्या बाबतीत धजला."

"मंगळवारी वाळं बघितलं आणि लाजच वाटली," अण्णा म्हणाले. "चाळीस वर्षं लोकांना नर-मादी सांगतोय. हा जिन्यात दिसला आणि तोंडातनं निघून गेलं. मग मागं घेता येईना."

"मला ठावं हुतं, अण्णा," नागसेन म्हणाला. "चार अंडी बघितली तवाच. तुमची मान खाली जाईल म्हणून बोललो न्हाय."

"मग आमच्याजवळ का बोलला नाहीस?" धैर्यशीलने विचारलं.

"चोर म्हटलेल्या माणसाचं कोण ऐकतंय, सायेब? तुमी तर पयली पिशवी बघितलीसा."

धैर्यशीलचे कान तापले.

अण्णा नागसेनपुढे किल्ली धरून उभे राहिले. त्याने हात पुढे केला नाही. तेव्हा ते कठड्याशी गेले. दाणे टाकायची वेळ होती, आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवर माणसं होती.

"आकाराम, समद्यांनी ऐका," ते ओरडले. "सरदार मादी हाय. माझा हात चुकला. ते झाकायला मी नागसेनला चोर म्हटलं. त्यो चोर न्हाय."

कुणी हसलं नाही. आकारामने मान दुसरीकडे वळवली. नागसेनला हवं ते मिळालं होतं, पण अण्णांकडे बघणं त्यालाही जमत नव्हतं. तो जिन्याच्या दोन पायऱ्या उतरला आणि थांबला.

"अंड्यांवर हाय तवर तिला येगळी ठेवा, अण्णा. पिलं मोठी झाली की माद्यांच्यात सोडा. महिनाभर नरांनी छळलंय तिला, विसावा मिळालाच न्हाय."

"तूच ये की सोडायला," अण्णा म्हणाले.

खालून फक्त त्याच्या चपलांचा आवाज आला.