उभ्याचा खडा

सन दोन हजार तेवीस. आश्विन लागला होता. पाऊस सरला होता आणि मुलुंडच्या डोंगरावरचं गवत कमरेएवढं होऊन पिवळं पडायला लागलं होतं. त्या दिवसांत एका संध्याकाळी मी वसुधा वहिनीच्या मागच्या दाराला कडी बसवायला निघालो. पिशवीत लोखंडी कडी, स्क्रू आणि पेचकस. एवढंच काम होतं.

मी भुताखेतांच्या गोष्टी सांगत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, पण खोटं बोलायला कधी शिकलो नाही. जे झालं तेवढं सांगतो. दिवा जरा इकडे सरकवा.

वसुधा वहिनी म्हणजे बाळची बायको. बाळ आणि मी कणकवलीकडच्या एकाच वाडीतले. मुंबईला एकत्र आलो, एकाच गिरणीत लागलो. गिरणी बंद पडली तेव्हा मुलुंडच्या एकाच कारखान्यात आलो. रोज भांडलो. बाळ दोन वर्षांपूर्वी झोपेत गेला. मला न सांगता गेला. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

त्याचं घर डोंगराच्या पायथ्याशी, चाळीच्या शेवटच्या ओळीत शेवटचं. मागे लहानसं परडं. परड्यात सुरण, अळू आणि रताळ्यासारखी कणगरं, सगळी बाळच्या हातची. परड्याच्या टोकाला जंगलखात्याची भिंत आणि त्या भिंतीला एक खिंडार. खिंडारातून रानडुकरं उतरतात. बाळ होता तोवर तो रोज संध्याकाळी भिंतीशी उभा राहून हाकारा घालायचा. डुकरं मागच्या मागे पळायची आणि चाळीतली पोरं हसायची.

आठवड्यापूर्वी एक डुक्कर नाल्याच्या कडेने येऊन थेट घराच्या बाजूच्या दारात शिरलं. कळप सोडून एकटा फिरणारा नर. आम्ही त्याला एकुलगा म्हणतो. त्याने वहिनीला पाडलं आणि तिचा हात मोडला. मागचं दारही धडक देऊन खिळखिळं केलं. सुळा पोटात लागला असता तर मी कडी घेऊन गेलो नसतो, खांदा द्यायला गेलो असतो.

"इलो सुतार," वहिनी म्हणाली. हात प्लास्टरात, पण तोंड ठणठणीत. "भावजी, गेल्या खेपेक तुमी लावलेली कडी डुकरान नाय, मांजरान पाडल्यान हां."

"लाकूड कुजका होता."

"हां. तुमच्या कामात नेहमी लाकूडच कुजका आसता."

मी स्क्रू पिळत राहिलो. थोड्या वेळाने तिचा आवाज खाली आला.

"रविवारी मिहीर येतलो. तेच्या आधी डुक्कर धरल्यानी तर ठीक. नाय तर माका गोरेगावाक घेवन जातलो. सोळाव्या माळ्यार. सामान बांधून ठेव म्हणालो."

मिहीर तिचा मुलगा. चांगला आहे. आई दुसऱ्यांदा पडली तर उठणार नाही हे त्यालाही कळत होतं. पण सोळाव्या मजल्यावर वहिनी किती दिवस काढेल, हे मला कळत होतं.

तेवढ्यात परड्यातून जंगलखात्याची पोरगी आत आली. रुचिरा तिचं नाव. वनरक्षक आहे. मुलगी कामाची. डुकराला मारायचं नाही, धरायचं आणि आत लांब जंगलात नेऊन सोडायचं, असा तिला हुकूम होता. तिने खिंडाराच्या समोर परड्यात लोखंडी पिंजरा लावला होता. आत सुरणाचे तुकडे, मका आणि पिकून काळी झालेली केळी.

"आजोबा, तुम्ही गावाकडे शिकार केलीय ना? मग हे बघा यार," ती म्हणाली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. तिने झाडाला कॅमेरा बांधला होता. "हा डोंगरावरून सरळ पिंजऱ्याच्या वाटेने येतो. इथे, खिंडाराच्या तोंडाशी थांबतो. पाठीवरचे केस बघा कसे ताठ झालेत. आणि वळतो. रोज इथेच वळतो. मग नाल्याच्या कडेने फिरून बाजूच्या दाराकडे जातो."

"मग पिंजरा नाल्याकडे न्या."

"तिथे वाट एवढी अरुंद, माणूस अंग चोरून चालतो. पिंजरा कुठे ठेवू? डोक्यावर?"

मी फोटो पाहत राहिलो. डुक्कर खिंडाराकडे बघत होतं. खिंडारात काही नव्हतं.

"वास आला असेल कशाचा तरी."

"सगळं धुऊन काढलं. पिंजरा शेणाने सारवला. जागेवर काहीच नाही. नुसतं गवत. ते पण…" ती थांबली. "तिथलं गवत वाढत नाही, आजोबा. दबलेलं असतं. दोन पावलांएवढं."

माझ्या हातातला पेचकस खाली पडला. वहिनीने माझ्याकडे पाहिलं नाही. ती चुलीवरच्या चहाकडे बघत होती.

आता आमच्या वाडीची रीत सांगतो. ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

शिकारीवर बंदी यायच्या आधीची गोष्ट. डुकरं शेतं उकरायला लागली की वाडी पारधीला निघायची. काही जण वरून ओरडत डुकरांना खाली हाकायचे. ते हाकारी. काही जण भाला घेऊन डुकरांच्या वाटेवर उभे राहायचे. अशा एकेकाला म्हणायचं उभा. हाकाऱ्यांचा म्होरक्या एकेका उभ्याला त्याच्या जागेवर नेऊन ठेवायचा आणि त्याच्या डाव्या मुठीत जांभ्याचा एक खडा द्यायचा. उभ्याने जागा सोडायची नाही. काही आलं तरी नाही. हाकारा संपला की ज्याने उभं केलं त्यानेच मागून यायचं, खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "हाकारो थांबलो, सुटलंस." मग उभा खडा परत देतो. सगळे खडे पिशवीत परत आले म्हणजे रानात कोणी राहिलं नाही.

माझे वडील म्होरके. एके वर्षी ते तापाने पडले आणि पिशवी माझ्याकडे आली. मी उभा केलेला पहिला माणूस बाळ.

मी ओरडत खाली येत होतो. पाय घसरला आणि मी उतारावरून गडगडत बाळच्या मागे, वाटेवरच येऊन पडलो. त्याच वाटेने डुक्कर मुसंडी मारून आलं. बाळ एक पाऊल बाजूला झाला असता तर ते माझ्यावर आलं असतं. तो हलला नाही. सुळा त्याच्या मांडीत घुसला. डुक्कर पळालं. आम्ही बाळला झोळीत घालून दवाखान्यात पळवला. सोडवायचं कोणाच्या ध्यानात राहणार? खडाही वाटेत कुठेतरी पडला.

बाळ जन्मभर डावा पाय ओढत चालला. आणि जन्मभर मला छळत राहिला. कारखान्याच्या गेटवर चार माणसांत ओरडायचा, "अरे अनंता, सोडव मरे माका! मी अजून उभो आसंय. पाय दुखले." मी म्हणायचो, "ऱ्हव उभो. तुका सोडवलंय तर माका शिव्या कोण घालतलो?" मग दोघं चहा प्यायचो. पन्नास वर्षं हे चाललं. मी त्याला सोडवलं नाही. मस्करी होती. एकदा सोडवलं असतं तर ती संपली असती.

रुचिरा कॅमेरा बघायला बाहेर गेली. वहिनीने चहाचा कप पुढे केला. मी घेतला.

"तुमका म्हायत होता," मी म्हणालो.

तिने चुलीचा जाळ कमी केला.

"तिन्हीसांजेक ऐकाक येता," ती म्हणाली. "एक पाय टेकता, एक वडता. भिंतीपर्यंत. मगे थांबता. सकाळपर्यंत परत येणत नाय."

"भिती वाटत नाय?"

"आपल्या माणसाची कसली भिती? माका झोप लागता. तेवढ्याचसाठी तर… गोरेगावाक ह्या ऐकाक येवचा नाय, भावजी."

मी चहा संपवला. मला सांगणं भाग होतं. मी गोड बोलत नाही.

"वहिनी, तो हय आसा म्हणान डुक्कर पिंजऱ्यात जाणा नाय. तो तुमका राखता, आणि डुक्कर फिरान तुमच्याच दारात येता. मीया तेका सोडवलंय तर तुमचा घर ऱ्हवात. पण तो…"

मी कप खाली ठेवला.

वहिनी उठली. दारातून परड्याकडे बघत उभी राहिली. बाहेर उजेड तांबडा होऊन विझायला आला होता. रातकिडे सुरू झाले होते. मग ते एकदम थांबले.

त्या शांततेत मी ऐकलं. वाळक्या पानांवर एक पाऊल टेकलं. मग दुसरं, ओढत. टेकलं… ओढलं. परड्याच्या कडेने, अळवाच्या वाफ्यावरून, भिंतीकडे. अळवाची पानं ओळीने हलत गेली. वारा नव्हता.

वहिनीने पदर तोंडाला लावला. मग काढला.

"पाय दुखत असतले तेंचे," ती म्हणाली. "जावा. सोडवा तेंका."

मी चपला काढल्या. पारधीला चपला घालत नाहीत. रुचिरा कॅमेरा बघून दारात परत आली होती. तिला म्हटलं, दारातून हलू नकोस, टॉर्च लावू नकोस. तिने "आजोबा, वाट लागेल हां," म्हटलं. माझ्या तोंडाकडे पाहून मग टॉर्च खिशात घातला.

परडं ओलांडायला किती वेळ लागतो? पण त्या दिवशी ते सरेना. माती पायाला गार लागत होती. पिंजरा डावीकडे काळा दिसत होता, त्याचं दार वर ताणलेलं. केळ्यांचा आंबूस वास होता. खिंडाराजवळ गेलो तसा तो वास गेला आणि दुसरा आला. तंबाखू, चुना आणि अंगाला चोळलेलं खोबरेल. मी तो वास पन्नास वर्षं शेजारी बसून घेतला आहे. माझे डोळे भरले. मी ते पुसले नाहीत.

खिंडारात काही नव्हतं. गवत दोन पावलांएवढं दबलेलं. एक पाऊल सरळ आणि डावं जरा तिरकं.

तेवढ्यात पलीकडच्या उतारावर गवत दुभंगलं. उग्र, चिखलाचा वास आला. एकुलगा वाट उतरत होता. माणसाचा वास आला की डुक्कर पाऊल टाकत नाही. हा येत होता. दहा हातांवर येऊन थांबला. त्याचा श्वास ऐकू येत होता. पाठीवरचे राठ केस उभे राहिले. सुळे अंधारात पांढरे दिसत होते. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्यापुढे, माणसाच्या छातीच्या उंचीवर बघत होता.

त्याच्या आणि माझ्या मधे पुन्हा बाळ होता. पुन्हा मीच त्याच्या पाठीमागे होतो.

मी हात उचलला. हात खाली पडेल असं वाटलं होतं. तो टेकला. खांदा होता. बाळचा उजवा खांदा, हाडाशी जरा खाली उतरलेला. गार नव्हता.

"बाळा," मी म्हणालो, "हाकारो थांबलो. सुटलंस रे. सुटलंस."

कानाजवळ कोणीतरी मोठा श्वास सोडला. ओझं खाली ठेवल्यावर सोडतात तसा. आणि मी म्हातारा शपथेवर सांगतो, त्यात थोडं हसू होतं.

माझा हात खाली पडला.

मी भिंतीला पाठ लावली. एकुलगा सरळ आला. त्याचे केस माझ्या लेंग्याला घासून गेले. त्याने वळूनही पाहिलं नाही. परड्यात शिरला, पिंजऱ्यात गेला. दार पडलं. तो आवाज सगळ्या चाळीने ऐकला.

मग दिवे लागले, माणसं धावली, रुचिरा फोनवर ओरडायला लागली. वहिनी दारातच होती. ती डोंगराकडे बघत होती. वर, खूप वर, कोणीतरी चालत गेल्यासारखी पानं वाजत होती. दोन्ही पावलं सारखी पडत होती. एकही ओढत नव्हतं.

"भावजी," वहिनी म्हणाली, "हातात काय आसा तुमच्या?"

माझी मूठ मिटलेली होती. मला ते ठाऊक नव्हतं. बोटं आखडली होती. एकेक करून उघडली.

जांभ्याचा खडा. लाल, सुपारीएवढा, कडा झिजून गुळगुळीत झालेला. मुलुंडच्या डोंगरात सगळा काळा दगड आहे. जांभा तिथे मिळत नाही. आणि तो गरम होता, कोणीतरी खूप वर्षं मुठीत धरून ठेवल्यासारखा.

वडलांची पिशवी अजून माझ्याकडे आहे. घरी आलो, खडा तिच्यात टाकला आणि नाडी ओढून तोंड बांधलं.