उन्हानं प्यालेलं पाणी

अग्रणीच्या कोरड्या पात्रात मेंढपाळ धुळाची एकोणीस मेंढरं मरून पडलेली बायकांनी सकाळी पाहिली. झिऱ्यापासून चार पावलांवर.

१९९६ चा वैशाख होता. कवठे महांकाळकडं ही नदी उन्हाळ्यात वाळूखाली जाते. वाळू उकरायची, झिरपेल ते पाणी वाटीनं भरायचं, तोच झिरा. बौद्धवस्तीची चाळीस घरं त्याच्यावर जगत. वस्तीतली आक्काताई पाणी भरताना गुणगुणायची,

अग्रणी माय माझी, वाळूखाली झोपली
लेकरांच्या तहानेला, वाटी वाटीनं जागली

त्या दिवशी ती रिकामी घागर घेऊन परतली. कुणी पाणी पिऊ नये म्हणून झिऱ्यावर काटे टाकले होते. धुळानं मेंढरं धुताना गोचिडांचं औषध पाण्यात सांडलं, असं माळावरच्या बोअरचे ठेकेदार नानासो म्हणाले. फौजदारांनी धुळाला कोठडीत घातलं.

आक्काताईची भाची प्रियदर्शनी सांगलीला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती. ती बाटल्या घेऊन आली. मावशीनं एवढंच विचारलं, परत कवा प्यायचं? औषध असेल तर दोन पावसांत वाहून जाईल, प्रियदर्शनी म्हणाली. दुसरं काही असेल तर काय, हे ती बोलली नाही.

कोठडीच्या गजाआड धुळा उकिडवा बसला होता.

"औषध कुठं सांडलंस?"

"औषध सपून म्हैना झाला, ताई."

"मग मेंढरं कशानं मेली?"

"झिऱ्यापाशी उतरणाऱ्या वढ्यातला खडक चाटत बसली. मिठाला झोंबत्यात तशी. मग तहानली, अन् तितल्याच डबक्याला तोंड लावलं."

खडक खाऊन मेलेली मेंढरं फौजदारांनी पहिल्यांदाच ऐकली होती. ते हसले.

डबक्याच्या पाण्यात औषधाचा थेंब नव्हता. मीठ मात्र समुद्राहून जास्त होतं. सांगलीत न होणाऱ्या तपासणीसाठी तिथली माती तिनं मुंबईला पाठवली आणि ओढ्याच्या उगमाकडं चालू लागली.

वर माळावर वायू शोधायला खोल बोअर मारत होते. जमिनीच्या पोटातून येणारं पाणी साठवायला शेजारी मातीच्या बांधाचा मोठा खड्डा. तो कोरडा होता. राखणीला आकाराम, पलटणीतून परतलेला, वस्तीतलाच. रात्रंदिवस तिथंच राहायचा. त्याचे बूट आरशासारखे चकाकत होते. टाचेच्या वरच्या शिवणीला तेवढी पांढरी रेघ.

"मामा, खड्ड्यातलं पाणी कुठं गेलं?"

"उन्हानं प्यालं, पोरी."

"तुमी आत उतरला हुता?"

"कशाला? माझं काम फाटकावर."

नानासोंनीही उन्हालाच बोल लावला, वर चहा पाजला. प्रियदर्शनीनं खड्ड्याचा तळ नखानं खरवडला. तडकलेला काळा चिखल निघाला.

बारा दिवसांनी मुंबईचा अहवाल आला. तिनं फौजदारांना, नानासोंना आणि आकारामला खड्ड्यापाशी बोलावलं. वस्तीही आली.

"ऊन पाणी पितं, मीठ पीत नाही," ती म्हणाली. "एवढं खारं पाणी इथं आटलं असतं, तर तळाला वीतभर पांढरी खपली राहिली असती. इथं नाही. ती खाली खडकांवर आहे. धुळाची मेंढरं तीच चाटत होती, त्या मिठानंच मेली. म्हणजे पाणी आटलं नाही, सोडलं. बांध फोडून परत लिंपला. राखणदाराच्या नकळत हे होत नाही."

आकारामनं मान खाली घातली.

"मामा, मिठाचं पाणी कातड्यात मुरलं की कितीही पॉलिश करा, शिवणीतून वर येतं. तुमी त्या पाण्यात उभे हुता."

नानासो निघू लागले. फौजदारांनी त्यांचा दंड धरला.

"नानासो म्हणले, खड्डा काठोकाठ आलाय, बोअर थांबंल," आकाराम हळू बोलला. "होळीला भर दुपारी मीच फावडं मारलं. नुसतं मिठाचं पाणी हाय म्हणले."

"नुसतं मीठ नाही. मातीत रेडियम आहे, किरण सोडणारं. हाडात जाऊन बसतं. खोल खडकातनं पाण्याबरोबर वर येतं."

"किती दिसांत जाईल?" आक्काताईनं विचारलं.

"अर्धं व्हायला सोळाशे वर्षं."

आक्काताई खाली बसली. आकारामनं वस्तीच्या घोळक्यात कुणाला तरी शोधलं, मग प्रियदर्शनीकडं पाहिलं.

"माझी नात होळीपास्नं झिऱ्याचं त्येच पाणी पितीया. तिला बघशील का?"