घळीतून आणलेला लाल स्वेटर

मी देवाला भिऊन वागणारी बाई. खोटं सांगून मला काय मिळणार? हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या, सातुर्निनाताईच्या घरात घडलंय. ती अजून हयात आहे. विचारा तिला.

आमचं गाव पेरूच्या डोंगरात, आयाकुचोकडे. लढाईची वर्षं. बंडखोर यायचे, म्हणायचे, तुम्ही सैनिकांना पोसता. सैनिक यायचे, म्हणायचे, तुम्ही बंडखोरांना पोसता. बटाटे मात्र दोघंही आमचेच खायचे.

मे महिना होता, बटाटे काढणीचे दिवस. ते येताहेत म्हणून ओरड झाली. ते म्हणजे कोण, हे बघायला कुणी थांबलं नाही, सगळं गाव खालच्या घळीत लपलं.

तिथेच त्यांनी गाठलं.

ताईची लेक नेलिदा वाचली. शेजारच्या तेओदोसियाची इर्मा... तिथेच राहिली.

त्या दिवसापासून नेलिदा बोलेना. खाईना. मक्याचे दाणे तोंडात तसेच धरून बसायची. हाताची काडी झाली.

"तिचा जीव भीतीनं घळीत अडकलाय," गावातले जाणते सिप्रियानबाबा म्हणाले. "हाक मारून आणा. नाहीतर पोर हातची जाईल."

पाद्री केव्हाच पळून गेले होते. आम्हाला आधार बाबांचा. आमच्या भाषेत प्रवचन गाऊन सांगायचे. मेंढपाळ एकेका मेंढराला नावानं हाक मारतो, हे कडवं लागलं की माझ्या डोळ्यांना धार लागायची.

जीव बोलवायची रीत साधी. पोर जिथे घाबरलं तिथे दिवस मावळताना जायचं. त्याचा कपडा हलवायचा. नाव घेऊन हाक मारायची. मागे न बघता घरी यायचं आणि कपडा पोराच्या अंगात घालायचा.

ताई नि मी गेलो. तिच्या हातात नेलिदाचा लाल स्वेटर.

घळीच्या काठावर ताई स्वेटर छातीशी धरून उभी.

"अगं, मार ना हाक!"

"नाव कसं घेऊ? वर सैनिकांचा तळ आहे. नाव कानावर पडलं की माणूस उचलतात."

"एवढ्याशा पोरीला उचलून काय करणार? बटाटे सोलायला बसवणार?"

"मग तू मार. तुझी जीभ लांब आहे."

माझी लांब जीभ टाळ्याला चिकटली. त्या वर्षांत उघड्यावर कुणी कुणाचं नाव घेत नव्हतं.

शेवटी ताईनं स्वेटर हलवला. हळूच म्हणाली, "पोरी... चल, घरी चल."

वारा थांबला.

"चल गं पोरी."

स्वेटर एकदम जड झाला. पाण्यात भिजल्यासारखा. मी हात लावून पाहिला...

कोरडा होता.

परतताना मागे पावलं वाजत होती. लहान. अनवाणी.

आम्ही वळलो नाही.

गावात शिरलो, तर एकही कुत्रं भुंकलं नाही.

स्वेटर अंगात जाताच पोरीनं डोळे उघडले. सूप मागितलं. वाडगं चाटूनपुसून साफ केलं. ताई रडत होती, हसत होती, छातीवर क्रूस करत होती.

"नेलिदा, अजून घे."

पोरीनं बघितलंच नाही.

"नेलिदा?"

ती दाराकडे बघत म्हणाली, "काकू, मला घरी सोडा ना. आई वाट बघत असेल."

सकाळी तेओदोसिया कुंपणाशी आली. पोर धावत जाऊन तिच्या घागऱ्याला बिलगली. "आई, सुई सापडली का? मी मुद्दाम नाही हरवली."

तेओदोसिया मटकन खाली बसली.

"सुईवरून त्याच सकाळी मी इर्माला मारलं होतं," ती म्हणाली. "घरात आम्ही दोघीच होतो."

पुढे सैनिकांचा तळ हलला. ताई तोच स्वेटर घेऊन पुन्हा घळीवर गेली. या वेळी ऊर फुटेस्तोवर ओरडली, "नेलिदा!"

खालून आवाज आला...

"आले गं आई."

जड स्वेटर घेऊन ताई घरी आली. दारात तेओदोसिया आडवी पडली. "सातुर्निना, पाया पडते तुझ्या. एकदा गेली माझी. पुन्हा नको."

ताईनं तरी स्वेटर उचलला. आतली पोर मागे सरत भिंतीला टेकली.

"काकू, मला परत तिथे नका ना पाठवू."

ताईचा हात तसाच राहिला. मग तिनं स्वेटर खुंटीला टांगला.

ती पोर तेओदोसियाकडेच वाढली. स्वेटर अजून खुंटीलाच आहे.

काल संध्याकाळी मी ताईकडे बसले होते. सहज बाबांचं कडवं ओठांवर आलं. मेंढपाळ नावानं हाक मारतो...

स्वेटरची बाही हलली.

खिडकी बंद होती.

"ते नको गं गाऊस," ताई म्हणाली. "तिला वाटतं, आपल्यालाच बोलावतायत."