एक दात मागे

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्यासोबत घडली तो शिवा माझा सख्खा भाचा, आणि तिचा शेवट मी स्वतःच्या कानांनी ऐकला आहे. नीट सांगता येईल की नाही, ही शंका मात्र आहेच...

जागा अष्टमी गावातली. रोह्याहून पूल ओलांडून आलं की शिवाचं गॅरेज लागतं. गेल्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवसाची तिन्हीसांज. शिवा एकटाच होता.

समोर त्याच्या जुन्या गिऱ्हाइकाची, मुसाचाचांची पांढरी गाडी.

चाचांना जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून गाडी दारात पडून. त्यांची बायको शरीफाचाची त्याच दुपारी ती दुसऱ्या गाडीने ओढवून घेऊन आली होती. तूच बघ, ह्यांचा दुसऱ्या कुणावर विश्वास नव्हता, एवढंच म्हणाली.

शिवाने मान वर केली नाही.

बॅटरी बदलून त्याने गाडी चालू केली. इंजिन मिसिंग मारू लागलं, मधेच ठोका चुकवू लागलं. सगळी गाडी हीव भरल्यासारखी थडथडत होती. प्लग बघितले, ठीक. कॉइल ठीक. मग त्याने बाजूचं कव्हर उघडलं. दातेरी टायमिंग बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर सैल पडला होता. बेल्ट एक दात घसरला होता.

तेच निघणार, हे त्याला कव्हर उघडण्याआधीच ठाऊक होतं.

नवा टेन्शनर, नवा बेल्ट. वरच्या चक्राची खूण खुणेला, खालच्याची खुणेला. मग पान्याने इंजिन हाताने दोन फेरे फिरवून बघितलं.

वरची खूण... एक दात मागे.

घाईत चुकलं असेल. पुन्हा लावलं. पुन्हा फिरवलं.

एक दात मागे.

मग त्याने खुणांवर पांढरा रंग लावला आणि पापणी न लवू देता फिरवलं. ताण बरोबर. बेल्ट जागचा हलला नाही. तरीही...

एक दात मागे.

आणि गाडीच्या टपावर दोन थापा पडल्या... सावकाश. तळहाताच्या.

गाडीपाशी कुणी नव्हतं.

मुसाचाचांची ती सवय. निघण्याआधी टपावर दोन थापा मारायच्या, बैलाच्या पाठीवर मारतात तशा.

त्याच्या आदल्या वर्षी, नेमके खंडेनवमीला, ते आले होते. शरीफाचाची पेणला लेकीकडे होती, तिला आणायला निघालेले. इंजिनात किरकिर येतेय, बघ म्हणाले. पण शिवाची हत्यारं हळदकुंकू लावून, झेंडू वाहून पाटावर मांडलेली. पूजेला बसवलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, ही त्याच्या वडिलांपासूनची रीत. शिवाने आवाज ऐकला. टेन्शनर गेलाय, हे कानाने ओळखलंही. आणि तरी म्हणाला, काय होत नाय, उद्या बघू. चाचा, जाऊन या बिनधास्त.

पेणच्या अलीकडे गाडी धक्के देत बंद पडली. भर उन्हात एकट्याने ती बाजूला ढकलताना चाचांच्या छातीत कळ आली.

शिवाने हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

"झाली काय रे?"

दारात शरीफाचाची उभी होती.

शिवाने हातातला पाना खाली ठेवला. "चाची... त्या दिवशी चाचा माझ्याकडे आलेले. काय बिघडलंय ते मला कळलं होतं. पाटावरचा पाना उचलला नाय मी."

ती गाडीपाशी आली.

"ठाऊक हाय. त्यांचा फोन चालूच होता. मी पेणात बसून ऐकत होते, 'चाचा, जाऊन या बिनधास्त.' तू कधी सांगतोस, तेवढंच बघत होते. आता लाव."

त्याने लावलं. फिरवलं. खुणा जुळल्या... इंजिन एका लयीत चालू झालं.

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. त्यानेही विचारलं नाही.

यंदा खंडेनवमीला मी तिथेच होतो. शिवा आता एक पाना पाटाबाहेर ठेवतो. दुपारी आम्ही जेवत होतो, आणि बाहेर टपावर दोन थापा पडल्या...

मीही ऐकल्या.

"थांबा चाचा, बघतो," म्हणत शिवा ताटावरून उठला.

बाहेर एक गाडी उभी होती, ब्रेकच्या कामासाठी ठेवलेली. आजूबाजूला कुणी नाही. शिवाने सरळ इंजिनाचं कव्हर उघडलं.

टेन्शनर सैल होता.

त्याने तो बोटाने दाबून बघितला. मग हळूच म्हणाला, "मामा, बाकीच्या दिवशीपण, बाकीच्या गाड्यांवर ते थापा मारत असतील काय? अन् मलाच ऐकू येत नसतील?"