आक्कासाठी पडलेला बर्फ

मरण ही जगातली सगळ्यात मोठी सत्ता. तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

कडेगावात मात्र तिलाही आधी लाईट आहे का बघावं लागतं.

घडलं ते खरं सांगतोय. गेल्या मे महिन्यात, आमच्याच घरात. रात्री नाही, भर दुपारी.

माझी थोरली बहीण शालूआक्का पहाटे गेली. एकुलता एक मुलगा उदयसिंह लष्करात, दिल्लीला. आक्काचं शेवटचं बोलणं एवढंच... "उदय आल्याबिगर मला उचलू नगा."

"मामा, निघालोय. आईला ठेवा," फोनवर तो रडत होता.

ठेवायचं कशात? वळवानं विजेचे खांब आडवे केलेले. थंडगार ठेवणारी शवपेटी दुसऱ्या गावाला गेलेली. बर्फाचा कारखाना बंद.

उरलं उदयसिंहानं हौसेनं आणलेलं बर्फाचं घरगुती यंत्र. ते इन्व्हर्टरवर लावलं. टाकीत पाणी ओतलं की बोटाएवढे खडे गोठायचे आणि आतल्या टोपलीत पडायचे.

खळ्ळ...

"साठू द्या मामा, एकदम काढू," त्याची बायको दीपमाला म्हणाली.

आम्ही त्या टोपलीला फ्रीज समजलो. ती नुसती टोपली. झाकण उघडलं तर निम्मा बर्फ वितळून परत खालच्या टाकीत.

होता तेवढा आक्काभोवती रचला. पाणी संपलं, आणि इन्व्हर्टरनंही मान टाकली. मी प्लग काढून ठेवला.

अंगणात भावकी चुळबुळायला लागली.

"ऊन लय हाय. आता थांबू नगा," आकारामअण्णा म्हणाले.

"आवं अण्णा, ते खंडाळ्यापातूर आल्यात!" दीपमालानं त्यांचे पाय धरले.

अण्णांनी पाय सोडवून घेतले. तिरडी बांधायला माणसं उठली.

आणि आतून...

खळ्ळ.

मी धावलो. प्लग जमिनीवर. टाकी कोरडी ठणठणीत.

टोपली मात्र काठोकाठ.

ती आक्काभोवती रिकामी केली. वळलो...

खळ्ळ.

पुन्हा भरली.

तिरडी तशीच अर्धी राहिली.

उन्हं कलताना उदयसिंह आला. आईच्या पायांवर डोकं ठेवलं.

आवाज थांबला.

"बर्फ कुठनं आणला, मामा?"

आकारामअण्णा एकदम चप्पल शोधायला लागले.

यंत्र आता माळ्यावर आहे, वायर गुंडाळून. काल दुपारी वरून आवाज आला...

खळ्ळ.

घरात आता माझ्याहून म्हातारं कुणी नाही. माझा मुलगा जर्मनीत असतो.

त्यामुळं एक विनंती. आमच्याकडे आलात तर चहाच घ्या. सरबत मागू नका.