चावलेल्या गोळ्या

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. माझं गेली चौतीस वर्षं भरतंय. फ्रेडरिक्सबर्गमधल्या एका दातांच्या प्रयोगशाळेत मी कवळ्या बनवते. परक्या तोंडांचे ठसे, त्यांना चिकटलेली लाळ, कधी अडकलेला मक्याचा दाणा, या कशाची मला किळस येत नाही. किळस येते ती माझ्या धाकट्या भावाची.

ओडेल रविवारी चर्च सुटलं की मेटल डिटेक्टर गाडीत टाकून हेफलिनबाईंच्या रानात जायचा. तिथल्या टेकाडावर अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेनं एक हिवाळा काढला होता. सैनिकांच्या झोपड्यांच्या जागी अजून खळगे दिसतात, चुलीच्या विटा लागतात. मशीन वाजलं की हा खणायचा. बटणं, पट्ट्याचं बक्कल, चमच्याचा दांडा, शिशाच्या गोळ्या. आणि जे सापडेल ते आधी तोंडात घालायचा. माती चोखून थुंकायची, मग वस्तू बघायची. या नादातले पुष्कळ लोक थुंकी लावून पुसतात. चोखणारा हा एकटाच.

"अरे, हजार माणसं हगलीयत तिथं," मी म्हणायची.

"एकशे साठ वर्षं झाली, लोरे. त्याचं खत झालं आता."

ऑक्टोबरात एका रविवारी त्यानं माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, हॅम बिस्किटांच्या ताटलीला लागून, मूठभर गोळ्या ओतल्या. पांढरट, चेपलेल्या, चावलेल्या.

"डुकरांनी चावल्यात," तो म्हणाला. "छावणी उठली की डुकरं उकरायची. सगळे हेच सांगतात."

मी भिंग आणलं. डुकराची दाढ कशी उमटते ते मला ठाऊक आहे. या खुणा माणसाच्या पुढच्या दातांच्या होत्या. असतील, कंटाळलेला सैनिक काहीही चघळेल. पण खालचा एक दात वळलेला होता आणि वरचा डावा सुळा जरा उंचावर बसलेला. तो चावा मी ओडेल सहा वर्षांचा असल्यापासून ओळखते. माझी खोडरबरं त्यानंच खाल्ली होती, एकदा दंडही.

रात्री दात खातोस म्हणून दातांवर बसवायची पट्टी करून देते, अशी थाप मारून मी त्याच्या दातांचा साचा घेतला. गोळी त्यात ठेवली. ती चपखल बसली.

थट्टा केली असेल त्यानं, म्हणून मी नीट पाहिलं. शिसं जमिनीत वर्षानुवर्षं राहिलं की त्यावर पांढरं पूट चढतं. आज चावलं तर आतलं करडं शिसं चमकतं. मी पात्यानं ओरखडा काढला, तो चमकला. दातांच्या खुणांमध्ये मात्र पूट होतं, बाकीच्या गोळीवर होतं तेवढंच जाड.

मी ओडेलला सांगितलं. तो खो खो हसला. "म्हणजे माझ्यासारखाच कुणी बावळट होता तिथं! भेटायला हवा होता."

पुढच्या रविवारच्या गोळीवर डाव्या सुळ्याची खूण नव्हती. बुधवारी त्याचा डावा सुळा सूप पिताना वाडग्यात पडला. त्यापुढच्या गोळीवर आणखी दोन दात कमी होते, आणि ते दोन जायला आठवडा लागला. थँक्सगिव्हिंगला त्याच्या हिरड्यांच्या कडेनं निळसर रेघ उमटली होती आणि श्वासाला गोडसर, नासलेला वास येत होता. मी टर्की चिरता चिरता उठले आणि मोरीत ओकले.

डॉक्टर म्हणाले, शिसं अंगात भिनलंय. आणखी गेलं तर हात लुळे पडतील, मग डोकं काम करणार नाही, मग काही खरं नाही. यात गूढ काहीच नव्हतं. शिसं चोखणाऱ्याचं असंच व्हायचं. मी मशीन माझ्या गाडीत कुलूपबंद केलं आणि ओडेलला माझ्याच घरी आणून ठेवलं. उरलेले दात डॉक्टरांनी काढले आणि जानेवारीत मी त्याला कवळी करून दिली.

प्रत्येक कवळीत मी एक दात केसभर वळवते, म्हणजे ती साच्यातून काढल्यासारखी दिसत नाही. ओडेलच्या कवळीत वरच्या मधल्या दोन दातांशेजारचा उजवा दात मी आत वळवला. हे मी कुणाला सांगत नाही. त्यालाही सांगितलं नव्हतं.

"शपथ घे, पुन्हा जाणार नाहीस."

"घेतली. पण लोरे, एक खड्डा बुजवायचा राहिलाय."

खड्डा उघडा टाकणं हे या नादातल्या लोकांत सगळ्यांत मोठं पाप. त्यानंतर नऊ दिवसांनी हेफलिनबाईंचा फोन आला. "पोरी, तुझ्या भावाचं भगदाड तसंच आहे. माझी गाय पाय मोडून घेईल त्यात."

ओडेल बूट शोधायला लागला. मी त्याला खुर्चीत बसवलं. त्याचा जबडा सावकाश हलत होता.

"काय आहे तोंडात?"

"काही नाही." त्यानं आ केला. काही नव्हतं. जबडा मग पुन्हा हलायला लागला.

शनिवारी दुपारी मी फावडं घेऊन गेले. लख्ख ऊन होतं. खड्डा चुलीच्या विटांना लागून, कमरेइतका. खालून कुजकट वास येत होता, तसाच गोडसर. कडेची माती ढकलताना एक वीट निसटली. तिच्या खालची जमीन कुणी उकरलेली नव्हती. तिथं दोन गोळ्या होत्या.

एक मी हातमोज्यानं पुसली. खुणा एका उंचीच्या, एकसारख्या. असे दात कुणाच्या तोंडात उगवत नाहीत. ते बनवावे लागतात.

वरच्या मधल्या दोन दातांशेजारचा उजवा दात केसभर आत वळलेला होता. खुणेत पांढरं पूट होतं.

कवळी दिल्यापासून ओडेल घराबाहेर पडला नव्हता.

मला इतकी शिसारी आली की सगळं अंग खरवडून काढावंसं वाटलं. गोळी मी खड्ड्यात भिरकावली. दुसरी चिखलानं माखली होती, ती पाहिलीसुद्धा नाही. फावड्यामागून फावडं माती लोटत सुटले. ओडेलला यातून मोकळं करायचं, एवढंच डोक्यात होतं. खड्डा भरला. मी वर उभी राहून माती तुडवली.

कुंपणापाशी हेफलिनबाई येऊन उभ्या होत्या.

"झालं?"

मी मान हलवली.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "पोरी, काय खातेयस?"

माझा जबडा थांबला.

तोंडात गोड चव होती. मी तळहातावर थुंकले. एक गोळी पडली.

माझे खालचे दोन दात एकमेकांवर चढलेले आहेत. ते स्वच्छ उमटले होते. आत्ता चावलेलं शिसं चमकायला हवं.

खुणांमध्ये पांढरं पूट होतं, जुनं, जाड.

हेफलिनबाई काहीतरी विचारत होत्या. मी चूळ भरायला हवी होती, निदान पुन्हा थुंकायला तरी हवं होतं.

मी आवंढा गिळला आणि गोळी परत तोंडात ठेवली.